पाय धुण्याचा रविवार

स्टिलहाउस खोऱ्यातल्या चर्चचा एक नियम होता, आणि तो ज्यानं कुणी घालून दिला त्याला सख्खी बहीण नसावी, असं ओर्लीनाचं मत होतं.

वर्षातून एकदाच, ऑगस्टमधल्या एका रविवारी, तिथे प्रभुभोजन व्हायचं. भाकरीचा तुकडा, घरच्या द्राक्षांच्या मद्याचा घोट, आणि मग बायकांनी बायकांचे, पुरुषांनी पुरुषांचे पाय धुवायचे. शहरातली चर्चं हे दर महिन्याला उरकून घेत. डोंगरात तसली घाई चालत नसे. आदल्या शनिवारी मंडळी जमायची आणि धर्मोपदेशक ब्रदर एस्टिल उभा राहून विचारायचा, "तुमच्यात शांती आहे का?" एकानं जरी उठून 'नाही' म्हटलं की संपलं. ते भांडण मिटेपर्यंत कुणालाच भाकर नाही, कुणालाच घोट नाही. एकाच्या मनातल्या अढीपायी अख्खी मंडळी तशीच घरी परतायची.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, ओर्लीना 'नाही' म्हणायचं ठरवून बसली होती.

कारण सांगायला लाजण्यासारखं काही नव्हतं. गेल्या उन्हाळ्यापासून कोळशाच्या खाणीत संप होता. कामगारांना युनियन हवी होती, खाणीचं छत तपासायला स्वतःची माणसं हवी होती, हवेतली धूळ कुणीतरी मोजायला हवी होती. कंपनीला यातलं काहीच नको होतं. कोर्टानं मनाई हुकूम काढला की संपावरच्या कामगारांपैकी मूठभरांनीच खाणीच्या वाटेवरच्या नाक्यावर उभं राहायचं. हुकुमात कामगार म्हटलं होतं, त्यांच्या बायकांबद्दल अक्षर नव्हतं. न्यायाधीशाला बायका दिसल्याच नव्हत्या बहुतेक. मग बायका निघाल्या. हातात हिकरीच्या चिवट लाकडाच्या शिमट्या घेऊन उजाडायच्या आत नाक्यावर हजर. संपफोड्यांच्या गाड्यांची रांग आली की रस्त्यावर आडव्या व्हायच्या, कुणी काच खाली केली की शिमटी आत घालायच्या. जन्मभर मान खाली घालून चर्चला गेलेल्या या बायकांच्या तोंडी त्या वर्षात असे शब्द आले, की त्यांचं त्यांनाच नवल वाटे.

त्या रांगेत मे महिन्यापासून एक हिरवी गाडी दिसायला लागली. ती क्लेलची होती, आणि क्लेल हा ओर्लीनाच्या धाकट्या बहिणीचा, व्हर्डीचा नवरा.

क्लेल वाईट माणूस असता तर प्रश्नच नव्हता, ओर्लीनानं त्याच्या नावानं केव्हाच पाणी सोडलं असतं. पण तो भला होता. डोंगरातल्या अर्ध्या पोरांसारखा तोही ओहायोला गेला, डेटनच्या कारखान्यात बरीच वर्षं राबला. तिथे कामगार कमी केले तेव्हा पहिल्या फटक्यात तो घरी बसला. इकडे आई थकत चालली होती, आणि व्हर्डीनं 'मला घरी ने' म्हणून त्याचा पिच्छा पुरवला होता. ती दोघं परत आली, आईच्या घरासमोर रस्त्यापलीकडे राहिली. काम फक्त खाणीत होतं, आणि खाणीत जायचं तर नाका ओलांडावा लागणार होता. क्लेलनं ओलांडला.

"पोटासाठी गेला असेल," ओर्लीनाचा नवरा होबर्ट म्हणाला. तो स्वतः वर्षभर संपावर होता आणि परसातल्या शेंगांवर जगत होता.

"पोट काय त्याला एकट्यालाच आहे?" ओर्लीना म्हणाली.

तिला सलत होतं ते वेगळंच. याच खाणीनं त्यांच्या बाबांच्या छातीत कोळसा भरला होता. शेवटचा हिवाळाभर बाबा खुर्चीत बसूनच झोपले, कारण आडवं झालं की श्वास लागायचा, आणि दोघी बहिणी आळीपाळीनं त्यांच्याशेजारी बसल्या होत्या. त्याच खाणीत जायला व्हर्डी आता नवऱ्याचा डबा भरून देत होती. मे महिन्यापासून ओर्लीना तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

जुलैत बायकांना कळलं की संपफोड्यांच्या गाड्या नाका चुकवून मागच्या रस्त्यानं, ओढ्याकाठून, आईच्या घरावरून जायला लागल्या आहेत. गावातल्या दुकानदारानं संपवाल्यांना खिळे विकणं बंद केलं होतं, तेव्हा होबर्टनं बाबांचा टिनचा डबा उघडला. त्यात जुन्या पद्धतीचे चौकोनी खिळे होते. आजोबांचं लाकडी घर पाडताना बाबांनी ते एकेक करून उपटले होते, ठोकून सरळ केले होते आणि 'कधीतरी लागतील' म्हणून जपून ठेवले होते. होबर्टनं ते वाकवून दोन-दोन एकत्र जोडले. कसेही फेका, एक टोक वर राहायचंच. शेतात सराटे असतात ना, तसे लोखंडाचे सराटे. ओर्लीनानं ते एप्रनच्या ओच्यात भरले आणि एका पहाटे जाऊन स्वतःच्या हातानं रस्त्यावर टाकले. आईच्या घराची वाट जिथे रस्त्याला मिळते तिथे वळण होतं, गाड्या हळू होत, म्हणून तिनं तीच जागा निवडली. गाड्यांची चाकं बसली, रांग पुन्हा नाक्याकडे वळली. बायकांनी ओर्लीनाची पाठ थोपटली, आणि तिची मैत्रीण ओपल म्हणाली, "तू पुरुष असतीस तर युनियनची अध्यक्ष झाली असतीस."

शनिवारी सकाळी ओर्लीना आईचे केस विंचरायला गेली. आईनं जन्मात केसांना कात्री लावली नव्हती. पांढरीशुभ्र वेणी कमरेखाली यायची आणि आता ती स्वतः विंचरायला हात वर जात नसत.

"हळू गं, हळू," आई म्हणाली. "माझ्या केसांवर कसला राग काढतेस? ते काही खाणीत गेले नाहीत."

"गुंता आहे."

"गुंता कुठे आहे ते कळतंय मला. आज चर्चमध्ये तू काय बोलणार आहेस, मला ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या कंगव्यानं."

ओर्लीनानं नजर ओसरीकडे वळवली. तिथे दुधाची बादली फडक्यानं झाकून ठेवलेली होती. व्हर्डी येऊन धार काढून गेली होती. ओर्लीना यायच्या आत निघून जायचं, हा तिचा नेम झाला होता.

"मी तुला अडवणार नाही," आई म्हणाली. "मंडळीपुढे खोटं बोलू नये, हे मीच शिकवलंय. फक्त एवढंच सांगते, पुढच्या ऑगस्टला मी नाही."

"असं तू गेल्या वर्षीही म्हणाली होतीस."

"गेल्या वर्षी उगीच म्हणाले होते. या वर्षी खरं आहे."

ओर्लीनाचा हात थांबला. हिवाळ्यापासून आई चर्चला गेली नव्हती. डॉक्टरनं पायांवरची सूज दाबून पाहिली होती आणि घरच्यांना बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं होतं. आईनं ते अर्थातच ऐकलं होतं. तिला भाकर हवी होती, तो घोट हवा होता, पाय धुऊन घ्यायचे होते, आणि मग जे व्हायचं ते होऊ दे, अशी तिची तयारी होती. या सगळ्याच्या आड फक्त ओर्लीनाचं तोंड येत होतं.

"आणि उद्याचा रविवार झालाच," आई पुढे म्हणाली, "तर तू व्हर्डीचे पाय धू. ओपलचे नाही, माझेही नाही. व्हर्डीचे."

"का म्हणून?"

"मी सांगते म्हणून. पेटीतला माझा टॉवेल काढून ने. माझ्या आजीनं विणलेला."

ओर्लीनानं टॉवेल काढला, कारण आईला नाही म्हणायचं तिला अजून जमलं नव्हतं. मनात मात्र ती म्हणाली, म्हातारी मोठी लबाड आहे.

दुपारी होबर्टनं आणि आणखी एकानं आईला खुर्चीसकट उचलून चर्चमध्ये आणलं. खिडक्या उघड्या होत्या तरी हवा हलत नव्हती. सगळ्यांच्या हातात पुठ्ठ्याचे पंखे फडफडत होते. संपवाले एका बाजूला बसले, ज्यांच्या घरातलं कुणी कामावर जात होतं ते दुसऱ्या बाजूला. कुणी तसं ठरवलं नव्हतं. क्लेल आला नव्हता. तो मंडळीत नव्हताच, बाप्तिस्मा घ्यायला अजून धजला नव्हता. व्हर्डी सगळ्यांच्या शेवटी आली, दाराजवळच्या बाकाच्या टोकाला बसली.

ओर्लीनानं तिच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून तिला सगळंच दिसलं. व्हर्डी चालताना एक पाय जरा ओढत होती. अशा उकाड्यात, जिथे सगळ्या बायका मोज्यांशिवाय आल्या होत्या, तिथे हिच्या पायांत लांब नायलॉनचे मोजे, अगदी नवे. फितुरीच्या पगारातले मोजे, ओर्लीनाच्या मनात आलं. आणि बूटही नवे असणार. चावत असतील बाईसाहेबांना.

ब्रदर एस्टिल उभा राहिला. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं खाणीत गेली होती, आणि प्रार्थनेला तो नेमका तोच हात वर करायचा. त्यानं मंडळीवरून नजर फिरवली. त्यालाही माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं.

"बंधूंनो, भगिनींनो," तो म्हणाला, "तुमच्यात शांती आहे का?"

पंखे थांबले. ओर्लीना उठून उभी राहिली.

एवढ्या माना वळल्या, की बाकांचं लाकूड करकरलं. ओपलनं तिच्याकडे पाहून हलकेच मान हलवली, बोल, बोल. ओर्लीनाला बाबांची खुर्ची आठवली, त्यांचा श्वास आठवला. तिनं तोंड उघडलं आणि त्याच वेळी तिची नजर आईवर गेली. आई तिच्याकडे पाहतसुद्धा नव्हती. ती समोरच्या रिकाम्या टेबलाकडे पाहत होती. उद्या त्याच्यावर पांढरं कापड येणार होतं. तिचे ओठ किंचित हलत होते. भुकेलं मूल ताटाकडे बघतं तशी ती त्या टेबलाकडे बघत होती.

"आईला पाणी हवंय," ओर्लीना म्हणाली.

ती कोपऱ्यातल्या बादलीकडे गेली, पेलाभर पाणी घेतलं, सगळ्यांच्या देखत चालत आली. आईला पाणी अजिबात नको होतं, पण ती शेवटच्या थेंबापर्यंत ते प्यायली. ब्रदर एस्टिलनं पुन्हा विचारलं. कुणीच बोललं नाही. व्हर्डीही बोलली नाही.

घरी जाताना ओर्लीनाला आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असं वाटत होतं. केवढा राग गिळला आपण! आणि कुणासाठी? तर आईसाठी. व्हर्डीला याची किंमत कधी कळायची नाही, याचं तिला थोडं वाईटही वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यात एक गोडी होती.

रविवारी टेबलावर पांढरं कापड आलं. आईनं भाकरीचा तुकडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. घोट तिनं दोन्ही हातांनी पेला धरून घेतला, एक थेंबही सांडला नाही. ते पाहून ओर्लीनाचा जीव भांड्यात पडला. मग ब्रदर एस्टिलनं अंगातला कोट काढला, कमरेला टॉवेल बांधला, आणि पत्र्याची घमेली पुढे आली. म्हाताऱ्यांपैकी एकानं गाण्याची ओळ पुटपुटत सांगितली, आणि सगळ्यांनी ती ओढून ओढून, आपापल्या चालीत पण एकाच दुःखानं, म्हणायला सुरुवात केली. बायका एका बाजूला झाल्या, पुरुष दुसऱ्या. घमेल्यांत ओढ्याचं पाणी होतं. कुणी रडत होतं, कुणी एकमेकांना मिठ्या मारत होतं. वर्षभर एकमेकींशी न बोललेल्या दोघी शेजारणी गळ्यात गळा घालून हुंदके देत होत्या, आणि त्यातली एक संपवाली होती, दुसरी नव्हती.

ओर्लीना टॉवेल घेऊन उभी होती. जावं की न जावं असं चाललं होतं तिचं, तेवढ्यात व्हर्डीच तिच्यासमोर आली. हातात घमेलं, कमरेला टॉवेल. ती काही न बोलता खाली बसली, ओर्लीनाच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, आणि तिचे पाय पाण्यात घेतले.

व्हर्डीचे हात खरखरीत झाले होते. लहानपणी हेच हात ओर्लीना ओढ्यात धुऊन द्यायची, रानफळं खाऊन जांभळे झालेले. पाय धुऊन, पुसून झाले. आता रीतीप्रमाणे तिची पाळी होती.

"बस," ओर्लीना म्हणाली. मे महिन्यानंतरचा पहिला शब्द.

"राहू दे," व्हर्डी म्हणाली. "मी धुतले ना, झालं."

"असं कुठे असतं?"

"ओर्ली, राहू दे ना. माझे पाय स्वच्छ आहेत."

"माझे काय चिखलात होते? का माझ्या हातचं पाणी चालत नाही तुला?" ओर्लीनाचा आवाज चढायला लागला. "काढ ते मोजे. नवे आहेत, भिजतील म्हणून भीती वाटते की काय?"

बाजूच्या दोघी-तिघींनी वळून पाहिलं. खुर्चीत बसलेल्या आईनंही पाहिलं. व्हर्डीनं आधी आईकडे आणि मग ओर्लीनाकडे पाहिलं, आणि बाकावर बसली. उजवा मोजा पटकन काढला. डावा मात्र फार हळू, टाचेपासून सोडवत सोडवत.

आत फडकं गुंडाळलेलं होतं. जखमेवर लावायच्या टर्पेंटाइनचा वास आला. ओर्लीनानं फडकं सोडलं आणि पाऊल हातात घेतलं. तळव्यात, बोटांच्या मागच्या मऊ भागात, एक भोक होतं. त्याच्याभोवतीचं मांस सुजलं होतं, कडा पिवळ्या पडल्या होत्या. भोक गोल नव्हतं. चौकोनी होतं.

गाणं चालूच होतं. ओर्लीनाला ते ऐकू येईना.

"कधी?" तिनं विचारलं.

"तुम्ही टाकलेत त्याच दिवशी. धार काढायला जात होते. अंधार होता, पायांत कॅनव्हासचे जुने बूट होते. आरपार गेला." व्हर्डी फार हळू बोलत होती, बाजूच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "उपटून काढला, पाहिला, तर बाबांचा खिळा. टिनच्या डब्यातला. तो डबा तुझ्याकडे आहे, ओर्ली."

व्हर्डी रोज पहाटे तो रस्ता ओलांडून आईच्या गाईची धार काढायला जाते, हे ओर्लीनाला माहीत होतं. झाकलेली बादली ती दर शनिवारी पाहत होती. खिळे टाकताना तिला गाड्या दिसल्या, चाकं दिसली, कंपनी दिसली. बहीण दिसली नाही. न्यायाधीशाला बायका दिसल्या नव्हत्या म्हणून ती वर्षभर हसत होती.

"धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस?"

"घेतलं. कंपनीच्या दवाखान्याच्या कार्डावर." व्हर्डीच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. "खिळा संपाचा, सुई कंपनीची."

"क्लेलला काय सांगितलंस?"

"कुंपणाची तार लागली म्हटलं. खरं सांगितलं असतं तर तो बंदूक घेऊन तुमच्या दारात आला असता. मग होबर्टही बंदूक घेऊन बाहेर आला असता. मग?"

"आणि काल?" ओर्लीना म्हणाली. "काल ब्रदर एस्टिलनं विचारलं तेव्हा का नाही उठलीस? उठायला हवं होतंस. मी असते तर..."

"तू तर उठलीच होतीस," व्हर्डी म्हणाली. "मला वाटलं, संपलं आता. आईला भाकर मिळत नाही. मग तू पाणी आणायला गेलीस."

काल घरी जाताना वाटलेली सगळी गोडी ओर्लीनाच्या तोंडात कडू झाली. गिळलेला राग, मोठं मन! ज्या गोष्टीसाठी ती स्वतःचंच कौतुक करत होती, तीच गोष्ट हिनं मुकाट्यानं केली होती, आणि तीही पायाला भोक घेऊन. तिला लाज वाटली, अशी लाज की मान वर होईना. ती रडायला लागली. नाक्यावर पोलिसांनी फरफटत नेलं तेव्हाही ती रडली नव्हती.

"रडू नकोस, मेले," व्हर्डी म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली. "पाणी गार होतंय. धू लवकर."

ओर्लीनानं पाय धुतला. जखमेभोवती अगदी बोटाच्या टोकानं, तान्ह्या बाळाला आंघोळ घालावी तसा. जुनं फडकं पुन्हा बांधवेना, इतकं ते मळलं होतं. तिनं आईचा टॉवेल पुढे घेतला, पणजीनं विणलेला, कडेला दातांनी फाडायला सुरुवात केली आणि एकदम आईकडे पाहिलं.

"फाड," आई म्हणाली. "मी गेल्यावर त्यासाठी भांडण्यापेक्षा आत्ताच वाटून घ्या."

प्रार्थनेनंतर झाडाखाली पानं मांडली गेली. वाळवलेल्या शेंगांची भाजी, मक्याचा पाव, सुक्या सफरचंदाचा थराथरांचा केक. दोन्ही बाजूंच्या बायकांनी आपली भांडी एकाच लांब टेबलावर ठेवली. त्या दिवसापुरतं तरी कुणाची भाजी कुणाची, हे कुणी विचारलं नाही. ओर्लीनाला फारसं जेवण गेलं नाही. आईला घरी पोहोचवल्यावर ती तशीच चर्चच्या कपड्यांत वाटेच्या तोंडाशी गेली आणि रस्त्यावर गुडघे टेकून बसली. बरेचसे खिळे कंपनीच्या माणसांनी झाडून काढले होते, पण कडेच्या गवतात आणि धुळीत काही उरले होते. ती हातानं चाचपत एकेक काढून ओच्यात टाकायला लागली.

व्हर्डी लंगडत आली, कुंपणाच्या खांबावर टेकून उभी राहिली.

"तिथे एक आहे. बघ, त्या धोत्र्याच्या मुळाशी."

"दिसला."

"होबर्टला सांग, जोड पक्का देतो तो. मला उपटायला दोन्ही हात लावावे लागले."

ओर्लीनानं वर पाहिलं. बहीण हसत होती की काय कळेना. "व्हर्डी, मी उद्या नाक्यावर जाणार आहे."

"माहीत आहे मला."

"मी सोडणार नाही. बाबांसाठी तरी नाही."

"बाबा माझेही होते," व्हर्डी म्हणाली. "पण मी परत ओहायोला जाणार नाही, ओर्ली. आईला असं टाकून नाही. तुला काय म्हणायचं ते म्हण."

दोघींपैकी कुणाचंच म्हणणं खोटं नव्हतं. ओढ्याचा आवाज येत होता. ओर्लीना आणखी थोडा वेळ धुळीत शोधत राहिली. मग म्हणाली, "क्लेलला सांग, काच वर ठेव म्हणावं. ओपलचा नेम फार वाईट आहे. आणि हा पाय बरा होईपर्यंत तू धारेला यायचं नाही. सकाळची धार मी काढेन."

"ती गाय तुला ओळखतही नाही."

"ओळखेल."

सोमवारी नाक्यावर ओर्लीना सगळ्यांच्या मागून पोहोचली. बायकांनी रस्ता अडवून धरला होता, पोलिसांच्या गाड्या कडेला उभ्या होत्या.

"कुठे होतीस?" ओपल म्हणाली. "आम्हाला वाटलं, काल पाय धुतलेस आणि फितूर झालीस."

"धार काढत होते," ओर्लीना म्हणाली, आणि शिमटी हातात घेतली. तिच्या एप्रनवर दूध सांडलं होतं, आणि पोटरीवर गाईच्या खुराची निळी खूण उमटत होती.

गाड्या आल्या. पोलीस पुढे झाले, बायका ओरडायला लागल्या, आणि रांग रोजच्यासारखी मुंगीच्या पावलानं पुढे सरकू लागली. हिरवी गाडी चौथी की पाचवी होती. ओर्लीना तिच्या दाराशी गेली. आत क्लेल बसला होता, टोपी डोळ्यांवर ओढलेली. आणि त्यानं काच खाली केली.

"अगं, काच कशाला..." ओर्लीनाच्या तोंडून निघून गेलं.

"व्हर्डीनं निरोप दिलाय," क्लेल समोर बघतच म्हणाला. आवाज इतका हळू की आरडाओरड्यात जेमतेम ऐकू आला. "म्हणते, गाय मागच्या डाव्या सडाला हात लागला की लाथ मारते. तो शेवटी घ्यायचा."

"माहीत आहे मला!" ओर्लीना गाडीच्या टपावर शिमटी हाणत ओरडली. "माझ्या आईची गाय आहे ती! फितुरा!"

क्लेलनं काच वर केली. गाडी पुढे गेली. ओर्लीनानं पोटरी चोळली आणि मागून येणाऱ्या गाडीसमोर जाऊन उभी राहिली.